बी.एस्सी. फिजिक्सची आखणी : अगदी नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य : बारावीची गणितासह मार्कशीट, क्रेडिट जमा करायला एबीसी आयडी, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि उत्तम प्रतीचा खोडरबर. खोडरबराचा उपयोग चौथ्या पायरीत सांगितला आहे. विद्यार्थी तो सहसा त्याआधीच ओळखतात.

पायरी १ : कॉलेज निवडा

पुण्यात फर्ग्युसन १८८५ चं, एस.पी. १९१६ चं, वाडिया १९३२ चं. घरातली कोणती पिढी कुठे शिकली, यावर अर्धा निर्णय आधीच झालेला असतो. उरलेला अर्धा बस कुठे थांबते यावर करावा. कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा चालवतं, हे विचारायच्या भानगडीत पडू नये. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आपण ठरवतं, त्यामुळे मैत्रिणीच्या कॉलेजात दुसऱ्या सत्रात झालेलं थर्मोडायनॅमिक्स तुमच्याकडे चौथ्यात येऊ शकतं. तिच्या नोट्स झेरॉक्स करून आणल्यावर हे आपोआप कळतं.

पायरी २ : क्रेडिट मोजा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांना १३२ आणि चार वर्षांना १७६. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या दिव्यापुढे डोळे बारीक करून न्यूटनची कडी मोजलेला एक तास हा बाकावर डुलक्या घेतलेल्या अर्ध्या तासाबरोबर. फिजिक्समधलं हे पहिलं समीकरण. ते सिद्ध करायला कोणी सांगत नाही.

आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी हे शब्द ओळीनं म्हणून पाहावेत. घाबरू नये. मेजर म्हणजे वरणभात आणि बाकीची बरीचशी ताटाची डावी बाजू. नवशिके मात्र सगळा जीव डाव्या बाजूला लावतात. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय आपल्या आवडीनं घेणं. शनिवारी सकाळी ज्याचा तास नाही, तोच विषय आपल्या आवडीचा असतो.

पायरी ३ : मायनर निवडा

जुन्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी चार विषय आणि तिसऱ्या वर्षी एकच, अशी गाळणी होती. आता पहिल्या वर्षी साधारण तीन विषय बरोबरीनं चालतात आणि पुढे त्यांतून मेजर नि मायनर ठरतात. मायनर निवडण्याची रूढ पद्धत अशी : आपला ग्रुप जे घेतो ते घ्यावं. त्यामुळे डबा एकत्र खाता येतो.

दुसरीही एक पद्धत आहे, पण ती फारशी प्रचारात नाही. तिच्यात आखणी उलटी करतात. तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आधी उघडायचा आणि प्रत्येक विषयापुढे त्याला कोणतं गणित लागतं ते लिहायचं. इलेक्ट्रोडायनॅमिक्सला डायव्हर्जन्स आणि कर्ल, क्वांटम मेकॅनिक्सला मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला प्रोबॅबिलिटी. मग मागे मागे येत पाहायचं, की हे गणित आपल्याला त्या विषयाच्या आधी मिळतंय, त्याच सत्रात मिळतंय की पुढच्या वर्षी. अनेकांना क्वांटममधला श्रोडिंजर कळत नाही असं वाटतं. खरं तर श्रोडिंजर बिचारा वेळेवर आलेला असतो, गणित उशिरा येतं. गणित मायनर घेतलं तर हा घोळ बराच कमी होतो. मात्र डबा एकट्यानं खावा लागण्याची शक्यता राहते.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जावं. राणा आणि जोग यांचं 'क्लासिकल मेकॅनिक्स' मागावं. राणा आयुका या खगोलसंस्थेतले आणि जोग पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातले, म्हणजे पुस्तक याच गावात लिहिलेलं. जुनी प्रत मिळाली तर लॅग्रांजियनपर्यंत पेन्सिलीच्या खुणा आणि पुढची पानं नवीकोरी असतात. आधीच्या मालकाची आखणी तिथे वाचता येते.

पायरी ४ : प्रॅक्टिकल करा

बार पेंड्युलमवरून g काढण्याचा प्रयोग घ्या. उत्तर ९८१ येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. तुमचं ९७८ आलं, की खोडरबर काढावा, शेजारच्या बॅचची रीडिंग मागावीत आणि ९८१ करून जर्नल सर्टिफाय करून घ्यावं.

आता गंमत पाहा. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून ध्रुवाकडे g वाढतो आणि इकडे कमी होतो. पुण्यात तो ९७८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपासच आहे. ९८१ लंडनला शोभतो. म्हणजे बरोबर आलेलं उत्तर खोडून तुम्ही लंडनचं गुरुत्वाकर्षण पुण्यात आणलंत, आणि त्यावर सही झाली. अर्थात कॉलेजच्या पेंड्युलमची चूक या तिनाहून मोठी असू शकते. म्हणूनच उत्तरापुढे अधिक-उणे लिहायचं असतं. ते लिहिणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत फार वेळ अडकतो, कारण परीक्षकाला त्याच्याशी बोलावंसं वाटतं.

पायरी ५ : गावाचा फायदा घ्या

विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. नारळीकरांनी १९८८ मध्ये ती उभी केली. तिथेच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए आहे. पाषाणला २००६ पासून विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आयसर आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे लोकांना आत सोडतात. बहुतेक विद्यार्थी तीन वर्षं गणेशखिंड रस्त्यानं जा-ये करतात आणि डिग्री घेतल्यावर आयुका नक्की कुठे हे मॅपवर शोधतात. या संस्थांतल्या उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज हिवाळ्यातच शोधावा लागतो. एकच 'रिस्पेक्टेड सर' मेल चाळीस जणांना पाठवू नये. त्यातल्या काही मॅडम असतात.

पायरी ६ : बाहेर कधी पडायचं ते ठरवा

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री, चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर रिसर्चसह ऑनर्स करता येतं, आणि चार वर्षं झाल्यावर एम.एस्सी. एका वर्षाची होते. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमातला पहिला विभाग गणिती पद्धतींचा असतो. ओईवर तिथे एकही प्रश्न नसतो.

नेहमीच्या अडचणी

अडचण : विषय राहिला, केटी लागली.
उपाय : ज्या विषयात लागली, त्याच्या आधीचं गणित शोधा. बहुधा केटी तिथली असते.

अडचण : शेजारचे काका विचारतात, "फिजिक्स करून पुढे काय?"
उपाय : "एम.एस्सी." म्हणावं. "मग पुढे?" आल्यास "पीएच.डी." म्हणावं. तिसऱ्यांदा "मग पुढे?" आल्यास, "काका, तुमचा इंजिनिअर मुलगा हल्ली घरीच दिसतो, वर्क फ्रॉम होम का?" असं आपुलकीनं विचारावं.