हलू नकोस

दाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला की आमच्या ताईच्या चेहऱ्यावर दाढ काढून घ्यायला बसलेल्या माणसाची कळा येते. 'हलू नकोस' हे त्यांच्या संसारातलं सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असावं. अर्थात दाजी हा काही आमच्याच घरचा नमुना नव्हे. सहलीला सहा माणसं निघाली की गळ्यात पट्टा, खिशात काच पुसायचं फडकं आणि तोंडात 'थांबा, थांबा' असा एक इसम त्यांत असतोच. आमच्या वाट्याला आलेले बँकेतून निवृत्त झालेत. सही तंतोतंत जुळल्याशिवाय चेक सोडायचा नाही, ही सवय कॅमेऱ्यातही आली.

त्यांना फोटो 'शार्प' हवा असतो. पापणीचा केस न् केस मोजता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी ८५ मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स घेतली आणि ती कायम सताड उघडी ठेवली. पैसे १.८चे मोजल्यावर एफ ८ला फोटो काढणं म्हणजे निव्वळ नुकसान, हा त्यांचा हिशेब. आता फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम सहा सेंटिमीटरांचा. आमच्या घराण्याची नाकं पाहता तेवढ्या जागेत नाक आणि कान दोन्ही बसणं शक्यच नाही. ग्रुप फोटोत पुढची रांग ठसठशीत येते आणि मागच्या रांगेतले काके-मामे वाफेसारखे तरंगतात. "मागचा बोके बघा, काय सुरेख आलाय!" असं दाजी एकदा त्या धूसरपणाबद्दल म्हणाले, तर मावशी बराच वेळ त्या फोटोत मांजर शोधत होती.

संध्याकाळी उजेड उतरला तरी आयएसओ १००च्या वर चढू द्यायचा नाही, कारण फोटोत दाणे येतात. मग शटर रेंगाळतं, आणि दाण्यांऐवजी भूत येतं.

गेल्या महिन्यात भाच्याचं लग्न झालं, म्हणून सगळे सिंहगडावर गेलो. वाहनतळापासून दाजींची पिशवी मीच वाहिली. मेहुण्यांचा जन्म त्यासाठीच असतो. पुणे दरवाजासमोर दाजींनी नव्या जोडप्याला उभं केलं. कॅमेरा सासऱ्यांच्या हातात, म्हणून सूनबाई नवऱ्यापासून चांगली वीतभर अंतर राखून उभी. दाजींचा फोकसचा चौकोन बरोबर मधोमध. तो त्या वीतभर फटीतून थेट पलीकडे गेला. कॅमेरा 'टिट टिट' बोलला आणि दाजींनी क्लिक केलं.

उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून दाजी ताईची ओढणी डोक्यावर घेऊन आत शिरले. जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कापडात शिरत तसे. फक्त ही ओढणी राणी रंगाची, टिकल्या लावलेली. आतून आवाज आला, "शार्प!" बोटभर पडद्यावर सगळंच शार्प दिसतं, हे त्यांना कोण सांगणार? असं क्लिक, ओढणी, क्लिक, ओढणी चाळीसएक वेळा झालं. पलीकडे ताक विकणाऱ्या बाई गिऱ्हाईक सोडून हसत बसल्या. आमची पिठलं-भाकरी निवली.

रात्री घरी फोटो मोठे करून पाहिले. जोडपं धुक्यात. त्यांच्यामधल्या फटीत मात्र पुणे दरवाजाचा दगड न् दगड मोजता येत होता, आणि दरवाजाशी बसलेल्या ताकवाल्या बाईंच्या नाकातली चमकीसुद्धा.

"बघ, ही बाई कशी हलली नाही," दाजी म्हणाले.

मी धीर करून सांगितलं, "दाजी, तो चौकोन सरकवता येतो. मध्ये कशाला ठेवता? सरळ सूनबाईंच्या डोळ्यावर ठेवा."

दाजी दचकले. सूनबाई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून आवाज खाली आणत म्हणाले, "सुनेच्या डोळ्यावर?"

"मग चिरंजीवांच्या ठेवा."

"तो गॉगल काढत नाही रे."