थांब, आता येतंय

निगडी प्राधिकरणात नानांकडे चहाला जायचं तर संध्याकाळची सगळी कामं उद्यावर टाकूनच जावं. चहा पाच मिनिटांत येतो, पण कपाला हात लावणार तेवढ्यात नाना तर्जनी वर करतात. "थांब. आता येतंय." काय येतंय ते आपल्याला ठाऊक नसतं. मग स्पीकरमधून ट्रम्पेट्स कडाडतात, व्हायोलिन्सचा लोंढा येतो, नानांचे डोळे मिटतात आणि आपल्या चहावर साय धरते. आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, त्यांना आधी चहा तर पिऊ द्या!"

नाना आयुष्यभर भोसरीच्या एका टूलरूममध्ये क्वालिटीला होते. पॉवर प्रेसची धाडधाड ऐकून घरी आलेल्या माणसाला शांतता हवी असेल, असं आपलं साधं गणित. नानांना घरी आल्यावर ऐंशी-नव्वद वादक लागायचे. तेही जुन्या विज्ञानपटांचेच. सिनेमाशी मात्र त्यांना फारसं कर्तव्य नाही. 'स्टार वॉर्स'ची गोष्ट विचारली तर, "कुणीतरी कुणाचा तरी बाप निघतो," एवढ्यावर मिटवतात. पण जॉन विल्यम्सनं ते संगीत १९७७च्या मार्चमध्ये इंग्लंडात डेनमच्या स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, हे मात्र दर भेटीत ऐकवतात. आपण मान डोलावली की खूश होऊन पहिल्यापासून पुन्हा लावतात.

तबकड्या येतात बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातून. रविवारी किंवा बुधवारी नाना पिशवी घेऊन निघाले की भाजी आणायला निघालेत असं कुणीच समजत नाही. गंजलेले पाने, तुटके पंखे आणि हिंदी गाण्यांच्या ढिगातून हा माणूस नेमकी कसर लागलेल्या जॅकेटातली एलपी उपसून काढतो. काकूंनी किंमत विचारली की उत्तर ठरलेलं, "पन्नासला मिळाली." गेली कित्येक वर्षं या घरात प्रत्येक तबकडी पन्नासलाच मिळते. महागाई फक्त कांद्याला.

मग सुरू होतं इन्स्पेक्शन. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, भिंगातून चरे बघायचे, आणि मधल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला नंबर वहीत उतरवायचा. शेवटी शेरा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. रिवर्क म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं आणि बंद दार. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये ठेवून वर मराठी विश्वकोशाचे खंड रचतात. ज्ञानाचं इतकं वजन मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. रिजेक्ट झालेली तबकडी मात्र आजवर घराबाहेर गेलेली नाही. "असू दे रे. जॅकेट चांगलंय."

'२००१: अ स्पेस ओडिसी'चा विषय निघाला की नानांचा आवाज चढतो. सुरुवातीचा सूर्योदय रिचर्ड स्ट्राउसचा, अंतराळयानाचा वॉल्ट्झ योहान स्ट्राउसचा. "दोघांचं नातंगोतं काही नाही," नाना बजावतात, "आपल्याकडे जोशी-जोशी असतात तसं." पण खरं दुःख त्यापुढचं. या सिनेमासाठी अॅलेक्स नॉर्थ नावाच्या संगीतकारानं नवं संगीत रचून ध्वनिमुद्रितही केलं होतं. दिग्दर्शक कुब्रिकनं ते बाजूला ठेवलं. नॉर्थला याचा पत्ता लागला तो १९६८मध्ये, सिनेमाचा खेळ बघायला बसल्यावर. "म्हणजे बघ," नाना टेबलावर बोट आपटतात, "जॉब बनवला, पाठवला, आणि पार्टीनं रिजेक्शन नोटसुद्धा दिली नाही!" पुढे जेरी गोल्डस्मिथनं तेच संगीत पुन्हा वाजवून घेतलं आणि १९९३मध्ये त्याची सीडी निघाली. नानांकडे ती आहे. वहीत तिच्यापुढे लाल शाईनं लिहिलंय: 'ओके. उशिरा.'

गोल्डस्मिथ हे नानांचं दुसरं दैवत, आणि काकूंच्या डोक्याला ताप. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या संगीतात त्यानं स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी वाजवून घेतली, हे नानांच्या वाचनात आलं. त्या दिवशी त्यांनी ओट्यावरची एकूण एक पातेली उलथ्यानं वाजवून पाहिली. शेवटी परात पास झाली. "तुमच्या त्या माकडांना सांगा," काकू म्हणाल्या, "मला कणीक मळायचीय." परात मिळाली, पण तिच्या बुडाला मार्करनं टिंब करून. योग्य आवाज तिथूनच येतो म्हणे.

एकदा वीज गेलेली असताना नाना गॅलरीत उभे राहून हवेत दोन्ही हात संथ हलवत होते. समोरच्या वहिनींना वाटलं, प्राणायाम. प्रत्यक्षात ते थेरेमिन समजावून सांगत होते. हात न लावता वाजणारं वाद्य. १९५१च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मध्ये बर्नार्ड हरमननं अशी दोन वापरली. ऐकणारा एकटा वॉचमन होता, आणि त्याला ते पटलेलं दिसलं.

मुलगा चाकणला नोकरीला. तो म्हणतो, "बाबा, हे सगळं फोनवर आहे." नाना म्हणतात, "आहे ना. नंबर कुठे कोरलाय दाखव." पण छंद रक्तात उतरलाच. 'स्टार वॉर्स'चा जुना अल्बम दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा. मुलगा तो गाडीत लावतो आणि उशीर झाला की घरी कळवतो, "तिसरी बाजू संपली, अजून तळेगाव चौकातच आहे." काकू त्या हिशेबानं कुकर लावतात.

मुंबईला जाताना एक्स्प्रेसवे चालत नाही. जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरायचा आणि खोपोलीजवळ हाळ गावापाशी गाडी थांबवायची. स्पिलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स'मधला भारतातला प्रसंग तिथे चित्रित झाला. शेकडो माणसं आकाशातून ऐकू आलेले पाच सूर गातात, आणि कुठून आले असं विचारल्यावर सगळे हात एकदम वर जातात. गाडीतून उतरून नानाही वर बोट दाखवतात. काकू वड्याच्या गाडीकडे.

गेल्या गणपतीत नानांनी सोसायटीच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांना गाठलं. "बुवा, एवढं वाजवा. रे, ग, सा, मग एकदम खालचा सा, आणि तिथून वर मंद्रातला प." बुवांनी वाजवलं. नानांनी तर्जनी वर केली. बुवांनी पुन्हा वाजवलं. टाळकरी थांबले. पोरं पंख्याकडे बघायला लागली.

"पुढं काय, नाना?"

"पुढं काही नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं."

बुवांनी घड्याळ पाहिलं. "मग तोवर आरती उरकून घेऊ."