टेल्कोवाले काका

निगडी प्राधिकरणात एखाद्या गाडीखाली काळा डाग दिसला, की थोड्याच वेळात तिथे एक टेल्कोवाले काका उगवतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण ते पाटीपुरतं. काका टेल्कोत लागले, टेल्कोतून रिटायर झाले आणि अजूनही सकाळचा चहा फर्स्ट शिफ्टच्या बसच्या वेळेलाच पितात. १९९८च्या अखेरीस इंडिका बाजारात आली, तिचं पहिलं इंजिन आपणच तपासलं, असं इथला प्रत्येक काका सांगतो. हिशेब मांडला तर इंजिनांपेक्षा तपासणारे जास्त भरतील.

आमच्या बिल्डिंगमधले काका डाग नुसता बघत नाहीत. त्यात बोट बुडवतात, अंगठ्यावर चोळतात, हुंगतात. "एसीचं पाणी नाही. कूलंट नाही, त्याला रंग असतो. गिअर ऑइल नाही, ते घाण वास मारतं. इंजिन ऑइलच!" मग बोट पुसायला फडकं शोधतात आणि ते सापडलं नाही की बनियन असतंच.

डाग होता दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या साहेबांच्या गाडीचा. गॅरेजवाल्याने क्रँकचं मागचं सील गेल्याचं सांगून गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. सील किरकोळ किमतीचं. मजुरीचा आकडा ऐकून मात्र साहेबांनी तिथेच स्टूल मागितलं होतं.

"तेल पडतं तिथे गळत नसतं," काका म्हणाले. तेल वर कुठेतरी सुटतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो आणि ठिबकतं ते भलतीकडेच, बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याशी. आळ येतो बिचाऱ्या सीलवर. म्हणून खालचा ओला बोल्ट सोडायचा आणि सगळ्यात वरचा ओला बोल्ट शोधायचा. हाच नियम काकांनी एकदा सोसायटीच्या हिशेबाला लावला होता. तेव्हापासून खजिनदार लिफ्ट टाळतात.

रविवारी तपास सुरू झाला. थंड इंजिन, अल्टरनेटरला प्लास्टिकची पिशवी, मग डिग्रीझर आणि ब्रश. अंघोळ झाल्यावर इंजिन पुसून त्यावर नातवाची बेबी पावडर भुरभुरवली. तोवर तज्ज्ञ मंडळी जमली. आकुर्डीच्या बजाजमधून रिटायर झालेले शेजारी ऑइल फिल्टरवर ठाम होते. चिंचवडच्या एसकेएफवाल्यांना जगातल्या कुठल्याही बिघाडात बेअरिंगच दिसतं. काकांचा मुलगा चाकणच्या एका नव्या प्लांटमध्ये आहे. तो जाता जाता म्हणाला, "बाबा, आमच्याकडे कोणी शोधत बसत नाही. अख्खी असेंब्ली बदलतात." काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो दूध आणायला निघून गेला. दूध घरात होतं.

देहूरोडपर्यंत एक फेरी मारून आल्यावर बॉनेट उघडलं. पांढऱ्या इंजिनावर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तपकिरी रेघ सरळ खाली गेली होती. पॅकिंग वाळून पापडासारखं कडक झालेलं! मागचं सील निर्दोष सुटलं. साहेबांनी टाळी वाजवली, वहिनींनी वरून चहा पाठवला.

इतर कोणीही इथे थांबला असता. पण काकांनी आयुष्यभर क्वालिटी सर्कलमध्ये टोयोटाचं 'फाइव्ह व्हाय' घोकलेलं. पहिल्या उत्तरावर थांबणं त्यांच्या लेखी कामचुकारपणा. पॅकिंग का गेलं? जुनं तर झालंच होतं. त्यात ब्रीदर तुंबला, आत प्रेशर कोंडलं, तेलाने कमजोर जागेतून वाट काढली. ब्रीदर का तुंबला? आत पिवळट चिकट गाळ. गाळ का? इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ उडून जायची ती पाणी होऊन तेलात मिसळते. का तापत नाही? गाडी रोज निगडीहून आकुर्डीच्या खंडोबाच्या देवळापर्यंत जाते आणि परत येते.

"आणि लांब का जात नाही?" काकांनी पाचवा का विचारला.

साहेब बुटांकडे बघू लागले. उत्तर बाल्कनीतून आलं. "माझं माहेर नारायणगावला आहे! भावाच्या लग्नात मानपानावरून रुसले, ते आजतागायत तिकडे फिरकलेले नाहीत."

पार्किंगमध्ये कोणी हसलं नाही, याचं श्रेय काकांच्या दराऱ्याला. त्यांनी शांतपणे डायरी काढली. दोष: तेलगळती. मूळ कारण: सासरवाडी. तात्पुरता उपाय: नवं पॅकिंग, ब्रीदर साफ. कायमचा उपाय: महिन्यातून एकदा नारायणगाव. जबाबदारी: वहिनी. पूर्ततेची तारीख: येता रविवार.

"अहो, वाटेत चाकणच्या चौकात तासभर गाडी जागची हलत नाही," साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"उभ्या गाडीतही इंजिन तापतं," काका लिहीतच म्हणाले.

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि गॅरेजवाल्याचा नंबर शोधू लागले. "काका, त्यापेक्षा आपण गिअरबॉक्सच उतरवू."