मान डोलावणाऱ्या बेअरिंगची कैफियत

चाकातील बेअरिंगचे भाग्य थोर असते. १८६९ च्या पॅरिस ते रुआँ शर्यतीत जेम्स मूर विजयी झाले ते छर्र्यांचे बेअरिंग बसवलेल्या सायकलीवर, आणि तेव्हापासून हे बेअरिंग गरगर फिरत विजयात वाटेकरी होत आले आहे. फुल-सस्पेन्शन माउंटन बाइकच्या, म्हणजे पुढच्या चाकाप्रमाणे मागच्या चाकालाही धक्के शोषण्याची सोय असलेल्या सायकलीच्या, पिव्होटमधील बेअरिंगच्या नशिबी मात्र नुसती मान डोलावणे येते. सांगाड्याचा मागचा भाग ज्या सांध्यावर वरखाली होतो तो पिव्होट. तो थोड्या अंशांपलीकडे वळतच नसल्याने ठरावीक छर्रे ठरावीक जागीच भार वाहतात, तेथील ग्रीस बाजूला सरते, चिखलाचे पाणी आत शिरते आणि कड्यांच्या गुळगुळीत वाटेवर खळगे पडतात. यावर उत्पादकांनी काढलेला तोडगा असा, की छर्र्यांमध्ये अंतर राखणारी जाळी काढून त्या जागी जास्तीचे छर्रे भरायचे. दाटीमुळे वेग मंदावतो खरा, पण ज्याला कुठे जायचेच नाही त्याला वेगाचे काय?

असे बेअरिंग झिजून करकरू लागले, की चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रघात आहे. आधी सीटची दांडी निघते, मग पेडल बदलतात, मग पेडलांच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटची झडती होते. वास्तविक मागचे धक्के शोषणाऱ्या शॉकचा बोल्ट काढून मागचा भाग हाताने वरखाली केला, की खडबड आणि आडवी ढिलाई तेव्हाच समजते.

नवे बेअरिंग आणायचे तर आकड्यांशी गाठ पडते. ६९०२ सारख्या बेअरिंग क्रमांकातील शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे माप सांगतात. ०४ पासून पुढे त्यांना पाचाने गुणावे, की मिलिमीटर मिळतात. ००, ०१, ०२ आणि ०३ हे चौघे मात्र घरच्या जावयांप्रमाणे नियमाबाहेर असून त्यांची मापे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर आहेत.

जुने बेअरिंग पुष्कळदा अशा खोबणीत बसलेले असते, की त्याला मागून ठोकायला जागाच नसते. तेव्हा आतून फाकणारा पुलर लागतो. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो बेताने तापवावा, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नवे बेअरिंग तोवर फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी आकसत ठेवता येते, घरातील वरिष्ठांची हरकत नसल्यास. बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा. तो आतल्या कड्यावर पडला तर छर्रे रुतून खळगे पडतात आणि सायकल दाराबाहेर पडण्याआधीच बेअरिंग वृद्ध होते.

यानंतर ठरवून दिलेल्या टॉर्कने बोल्ट आवळले जातात, करकर थांबते, आणि हर्षभरित सायकलस्वार पहिल्याच चिखलयात्रेनंतर धुलाई केंद्रावर जाऊन पाण्याचा जोरदार फवारा नेमका त्याच बेअरिंगच्या रबरी सीलवर धरतो.