वसईतील निवृत्त दांपत्याचे नवसपर्यटन

वसई तालुक्यातील निवृत्त कॅथलिक दांपत्याच्या वर्षक्रमाचे वर्णन करावयाचे झाल्यास आरंभीच कालगणनेची अडचण उभी राहते, कारण या घराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका टांगलेल्या असतात आणि त्यांपैकी सहकारी बँकेची दिनदर्शिका दुधाच्या खाड्यांच्या नोंदीपुरती उरलेली असून खरा अंमल धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीच्या, दिनदर्शिकेचा चालतो. या दुसऱ्या दिनदर्शिकेचे वर्ष जानेवारीत सुरू न होता नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने सुरू होते, आणि तिच्यातील सर्वांत मोठा सण जो ईस्टर, तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हा प्रश्न हाताळला तेव्हा रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते ही बाब तिच्या विचारार्थ नव्हती. परिणामी आयर्लंडमधील मुलाची रजा, मीरा रोडच्या नातीची परीक्षा आणि चंद्राच्या कला यांचा मेळ घालण्याचे काम, ज्याची हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली त्या पतीकडे आपसूक येते, आणि निवृत्त माणसाच्या हाताला काम नसते ही समजूत या घरात पहिल्याच तिमाहीत निकालात निघते.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा वयोमर्यादेच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे एकभुक्त राहण्याचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते आणि एकोणसाठ वर्षे पूर्ण होताच संपते. राज्य शासन मात्र आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षीच मोकळे करते, म्हणजे चर्च शासनापेक्षा एक वर्ष अधिक राबवून घेते असे म्हणावयास हरकत नाही. ही सूट पतीला तोंडपाठ असते, परंतु पत्नी सुटीची पर्वा न करता उपास करते आणि स्वयंपाक तिच्याच हाती असल्याने धर्मविधिसंहितेतील संबंधित कलम या घरी कागदोपत्रीच राहते. मांसवर्जनाला तर वरची वयोमर्यादाच नाही. सुदैवाने चर्चच्या व्याख्येत मासा हा मांसात मोडत नाही, आणि पाचूबंदर व अर्नाळा येथे होड्या लागणाऱ्या मुलखात ही व्याख्या विनातक्रार स्वीकारली गेली आहे; उपवासकाळातील शुक्रवारचा पापलेटाचा भाव पाहता मटण खाणे हाच त्याग ठरावा, हा पतीचा युक्तिवाद मात्र पत्नीने अद्याप मान्य केलेला नाही. याच काळात पती फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण वाचून काढण्याचा संकल्प सोडतो, आणि सुमारे अकरा हजार ओव्या चाळीस दिवसांत म्हणजे दिवसाला पावणेतीनशे, असे कोष्टक पहिल्याच दिवशी व्यवस्थित आखून होते. कोष्टक दरवर्षी नवे होते. ओव्या त्याच राहतात.

या दांपत्याच्या प्रवासाचा उगम मात्र वेगळाच आहे. केवळ मौजेखातर पैसे खर्चून कोठे जाणे ही कल्पना पत्नीला मुळातच अधर्म्य वाटते, आणि सबळ कारणावाचून प्रवासभत्त्याचे देयक मंजूर होत नाही हे पतीच्याही हाडीमासी खिळलेले असल्याने, प्रत्येक प्रवासामागे नवस असावा लागतो आणि प्रत्येक नवसामागे कुटुंबातील काहीतरी अडलेले असावे लागते. मुलाला आयर्लंडचा व्हिसा मिळण्यास उशीर झाला, की पत्नी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा सलग करावयाची प्रार्थना, धरते, आणि त्यासाठी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये जाते, जेथे १९४८ पासून दर बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत अनेक भाषांत ही प्रार्थना चालते. विरारची जलद गाडी माहीमला थांबत नाही. त्यामुळे अंधेरीला उतरून धीम्या गाडीत शिरणे हा नोव्हेनाचाच एक विधी होऊन बसतो, आणि खांद्याला पिशवी लावून मागे उभ्या राहणाऱ्या पतीच्या मते तोच त्यातील सर्वांत कठीण विधी होय. व्हिसा मिळाला तर वांद्र्याच्या माउंट मेरीला जाणे आले, आणि तेथे ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या जत्रेत जे काही मागावयाचे किंवा फेडावयाचे असेल त्याची मेणाची प्रतिकृती विकत घेऊन वाहावी लागते. दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे मिळतात, आणि काळाची गरज ओळखून विमानेही मिळतात. पती विमान उलटसुलट करून पाहतो, पंखाला तडा आहे असे दुकानदाराच्या निदर्शनास आणतो आणि भाव कमी करू पाहतो. पत्नी त्याला तेथून हलवते, कारण देवमातेपुढे तडा गेलेले विमान ठेवण्याचा परिणाम मुलाच्या प्रवासावर काय होईल हे सांगता येत नाही. त्यापेक्षा मोठ्या कामासाठी, उदाहरणार्थ मुलीच्या सासरच्या घराचा वाद मिटण्यासाठी, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वेलांकण्णी राखून ठेवलेली असते, जेथे २९ ऑगस्टला ध्वज चढून उत्सवास आरंभ होतो आणि भगवी वस्त्रे ल्यालेले यात्रेकरू पायी येताना पाहून उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणसाला आपण पंढरीच्या वाटेवर तर नाही ना असा क्षणभर संभ्रम पडतो.

मुलगा एकदा परदेशी स्थिरावला, की नवसाचा पुढचा हप्ता नातवंडाचा असतो, आणि त्याच्या फेडीसाठी आजीला बाळंतपणास जावे लागते. या प्रवासाची तयारी हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तेवीस किलोंच्या मर्यादेत वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला बसवावयाचा असतो; आयुष्यात बिअरच्या थेंबाला न शिवलेली ही स्त्री विमानतळावर त्या बाटलीची ओळख पटवून देताना जी धर्मनिष्ठ करडी मुद्रा धारण करते, तिच्यापुढे कोणाही अधिकाऱ्याचा टिकाव लागत नाही. वजन करण्यासाठी पती आधी स्वतः काट्यावर उभा राहतो, नंतर बॅग कवटाळून उभा राहतो, आणि वजाबाकी पत्नीला करावयास लावतो, कारण पोटामुळे त्याला काटा दिसत नाही. या धांदलीत चष्मा हरवतोच. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत म्हणून पादुआच्या संत अंतोनीची ख्याती असून पत्नी त्यांचा धावा करते आणि पती गाद्या उलथतो. चष्मा सापडल्यावर श्रेय कोणाचे यावर दोघांचे एकमत झाल्याची नोंद नाही.

पवित्र भूमीची, म्हणजे येशू जेथे वावरला त्या प्रदेशाची, यात्रा ही या सर्व प्रवासांची परिसीमा समजली जाते. गालील प्रांतातील काना गावी, जेथे येशूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, तेथे यात्रेकरू दांपत्यांना विवाहाची वचने नव्याने उच्चारावयास लावण्याची प्रथा आहे, आणि सोबत आलेले फादर ती हौसेने पार पाडतात. पतीला चाळीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आठवत नसतो, पत्नीला त्याने दिलेले उत्तर आठवत असते, आणि या तफावतीतून तो सोहळा जरा लांबतो. ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धामुळे तिकडच्या अनेक सहली रद्द झाल्या तेव्हा पुष्कळ दांपत्यांनी दोन वर्षे कानाचे पैसे बाजूला ठेवले, आणि २०२५ या ज्युबिली वर्षाने त्यांना रोमची वाट दाखवली. ज्युबिली म्हणजे साधारणपणे दर पंचवीस वर्षांनी येणारे कृपावर्ष. त्या वर्षी रोमच्या चार मोठ्या बॅसिलिकांची, म्हणजे प्रमुख चर्चची, एरवी बंद असणारी पवित्र दारे उघडतात, आणि ठरलेल्या अटी पाळून त्यांतून आत जाणाऱ्याला, आधीच क्षमा झालेल्या पापांबद्दल जी शिक्षा भोगावयाची उरते तिच्यातून सूट मिळते. भारतीय रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अजून परत दिलेली नाही, हे ध्यानात घेता रोमच्या या सवलतीने पती हेलावून गेला तर नवल नाही. सहलीची पत्रके छापली गेली तेव्हा त्यांवर पोप फ्रान्सिस यांचे छायाचित्र होते. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले, त्यामुळे मे महिन्यानंतर गेलेल्यांनी एकाचे दर्शन घेतले व दुसऱ्याच्या कबरीपुढे प्रार्थना केली. फ्रीजवर चिकटवण्याची चित्रे पत्नीने दोघांचीही आणली. पतीने चारही दारांतून एकाच दिवशी जाण्याचे वेळापत्रक आखले होते, परंतु तिसऱ्या दारापाशी पत्नी बाकावर बसली आणि उरलेली शिक्षा आपण वसईत सावकाश भोगू असे तिने जाहीर केले.

डिसेंबरात मुले-नातवंडे येतात, गव्हाणीसाठी पेंढा येतो, कुलकुलांसाठी पिठाचे गोळे फणीवर वळले जातात, आणि पत्नी मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधील उपासनेसाठी, संध्याकाळी सातलाच जागा धरून बसते. नाताळाचे वर्णन अन्यत्र विपुल उपलब्ध आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट ३१ डिसेंबरची आहे: सरत्या वर्षाचे प्रतीक म्हणून पेंढ्याचा ‘म्हातारा’ करून तो रात्री बारा वाजता जाळण्याची प्रथा वसईच्या गावांत आहे, आणि आळीतील पोरे त्यासाठी वर्गणी व जुने कपडे मागत दारोदार फिरतात. कपड्यांची निवड पत्नी करते, आणि ती नेमकी पतीच्या कचेरीतील तपकिरी पँटवर पडते. पँट नाकारण्याचे कारण त्याला सापडत नाही. तो फक्त म्हाताऱ्याचे पोट एवढे मोठे भरण्याची गरज नव्हती अशी हरकत घेतो, फटाके पेंढ्यात कोठे खोचावेत याबद्दल पोरांना मार्गदर्शन करतो, वर्गणी देतो आणि लेखा विभागाच्या सवयीने पावती मागतो. पोरे वहीचे पान फाडून ती जागच्या जागी लिहून देतात, ‘म्हाताऱ्याकडून म्हाताऱ्यासाठी’, आणि रक्कम अक्षरी टाकलेली नाही म्हणून तो ती परत करतो.