बादलीवर बसणारे कोच

ती. आई-बाबांस,


मशीनमधले कपडे धुऊन व्हायला अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहितो. पार्सल पोचलं. कुरडयांचा भुगा झाला होता, पण भाजीच करायची होती, त्यामुळे वाया काही गेलं नाही. संत्रा बर्फी ओमने एकट्याने संपवली. म्हणजे आई, "पोरगं जेवत नाही" ही तुझी काळजी अर्धीच खरी.

फोनवर तू विचारलंस, तो गप्प काहून आहे? त्याचे बेसबॉलचे कोच वारले. बाबा, बेसबॉल म्हणजे आपला विटीदांडूच, विटी तेवढी गोल. आणि दांडू केवढ्याचा? साडेतीनशे डॉलर! तीस हजार रुपये, बाप्पा! शेजाऱ्यांनी त्यांच्या पोराची चांगली धडधाकट बॅट फुकट दिली होती, ती चालली नाही. 2018 पासून लिटिल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, ठरावीक शिक्का असलेलीच बॅट लागते. अंपायर चष्मा लावून शिक्का शोधतो. मला तर तहसीलच्या खिडकीची आठवण झाली. वर आणखी एक नियम, नऊ-दहा वर्षांच्या पोराने दिवसाला 75 च्या वर चेंडू टाकायचे नाहीत. 66 गाठले की चार दिवस सुट्टी. ओम यावरून भांडायचा. कोच म्हणायचे, "हा हात तुला चाळिशीतही लागणार आहे." हा एक नियम मला पटला, बायकोला सांगू नका.

कोच निवृत्त पोस्टमन होते. चेंडूंनी भरलेली बादली, तिच्या झाकणावर गादी, आणि त्या गादीवर हे. त्यांची बायको सुरीने संत्री कापून पोरांना वाटायची. ओमने तिला ऐकवलं होतं, "आमच्या आजोबांकडची हातानेच सोलतात." तो सामना पोरं हरली, पण नागपूर जिंकलं.

त्या बादलीवरून मी त्याला आपल्या विजय बारसे सरांची गोष्ट सांगितली. 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजच्या या क्रीडाशिक्षकांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला, त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. ओमने त्यांच्यावरचा 'झुंड' सिनेमा पाहिलाय, त्यामुळे त्याच्या मते सर म्हणजे अमिताभच. मी म्हटलं, खऱ्या सरांच्या घरचे सगळेच यात उतरले. पत्नी रंजनाताई होत्या, आणि मुलगा अभिजित तर अमेरिका सोडून परत आला.

इथेच माझी पंचाईत झाली. "मग आपण?" ओम म्हणाला. मी त्याला दात घासायला पाठवलं.

बाबा, शेत मिहान प्रकल्पात गेलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जाऊ दे, पोराला घरापाशी नोकरी लागेल. लागलीच की! आणि मिहानमधल्या कंपनीनेच मला इकडे अमेरिकेत पाठवलं. आता खापरीहून मेट्रो सुटते, एम्स झालं, आणि तुम्ही गुडघा दाखवायला एकटे जाता. मला ते गल्लीतल्या मन्याकडून कळतं.

मन्यावरून आठवलं. बबनकाकांनी प्लॉट विकून गाडी घेतली आणि ती लावायला आता जागा नाही, हे ऐकून मी पोट धरून हसलो. सुमीच्या सासूचं पुढे काय झालं? आई, गोष्ट अर्धवट टाकून फोन ठेवत नको जाऊस.

परवा कोचच्या बायकोने बादली आणून दिली. पोरांपैकी कोणी तिच्यावर बसेना. शेवटी कोच व्हायला पालकांच्या यादीत मी नाव लिहिलं. हसू नका. गल्लीत माझ्या हातून किती कॅच सुटले ते मन्याने मोजून ठेवलेत, ठाऊक आहे. मंगळवारी पहिली प्रॅक्टिस. बादली सध्या गॅरेजमध्ये आहे. रात्री डोकावलो तर ओम तिच्या शेजारी खाली बसून चेंडू पुसत होता.

मशीन थांबलं.

तुमचा,
बाळ्या

ता. क. पुढच्या पार्सलात तिखट पाठव. आणि बाबा, गुडघ्याचं खरं काय ते लिहा.