फुगलेल्या दाराचे मानपान

मृग लागून आठवडा झाला की कोकणातलं सागवानी दार जावयासारखं फुगतं. कारण त्याला विचारू नये. ते सांगत नाही, नुसतं कुरकुरतं. कारण असं, की लाकूड पावसाळी हवेतला दमटपणा पितं आणि लांबीला जवळजवळ न वाढता रुंदीला वाढतं. (चाळिशीनंतर आपलंही असंच होतं, पण आपल्याला कुणी रंधा मारत नाही.)

हिशेब सोपा आहे. मे महिन्यात सागाच्या अंगात १२ टक्के पाणी असेल आणि जुलैअखेर ते १८ वर गेलं, तर फूटभर रुंदीची फळी तीन-साडेतीन मिलिमीटर पसरते. सुतारानं चौकटीशी फट सोडलेली असते जेमतेम तेवढीच. तुमच्या दारात अशा तीन फळ्या शेजारीशेजारी असतील तर गुणाकार स्वतः करावा.

आता उपचार. पहिला नियम: भर पावसात सुताराला बोलवू नये. मी बोलावलं होतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, दोन रेघा मारल्या आणि पाऊण तास रंधा चालवला. कुरळ्या सालींचा ढीग पडला, दार लोण्यासारखं लागलं, चहा झाला. पौषात त्याच फटीतून वारा, पाल आणि शेजारच्यांची मालिका घरात येऊ लागली.

तेव्हा शास्त्रोक्त विधी असा. दार आणि चौकट यांच्यामध्ये कार्बन पेपर धरून दार लावावं. जिथे काळं उमटेल तिथेच दुखणं आहे. त्या जागी मेणबत्ती घासावी, पेन्सिलीची खूण करावी आणि गप्प बसावं. लाकूड सुकल्यावर, म्हणजे थंडीत, खुणेपुरताच हलका रंधा मारावा आणि लगेच रंग द्यावा. ओल्या लाकडावर रंग चढवला तर ओल आत कोंडते आणि पुढे रंगाचे पोपडे निघतात.

रंग म्हणजे सगळीकडून. खुर्चीवर चढून दाराच्या माथ्यावरून बोट फिरवा. खरखरीत लागलं ना? रंगारी वर आणि खाली कधीच हात फिरवत नाही, कारण तिथे मालकाची नजर जात नाही. पाण्याची मात्र जाते. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच उघडी असतात, आणि लाकूड सर्वांत जोरात पितं ते टोकांकडून.

नवं दार करायचं असेल तर आधी वखारीत जावं. तिथलं प्रत्येक लाकूड ‘एकदम ड्राय’ असतं. विश्वास ठेवावा आणि एक तुकडा मागून आणावा. तो वजन करून १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत काढू नये. १३० ग्रॅमचा तुकडा १०० वर आला, तर पाणी ३० टक्के, म्हणजे झाड अजून जंगलातून निघालेलंच नाही. या प्रयोगानंतर आमच्या नानकटाईला महिनाभर सागाचा वास येत होता. घरच्यांना हे आधी सांगू नये.

ओलं लाकूड घरीच वाळवायचं तर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब. कंत्राटदार इंचाला एक दिवस धरतो. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. पट्ट्या एकावर एक, ओळंब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्या पापडासारख्या वाकतात. टोकांना मेण फासावं, नाहीतर ती आधी सुकून चिरतात.

लाकूड वाळलं तरी फुगणं-आकसणं सोडत नाही, म्हणून दार जोडताना मधलं पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल सोडावं, सरस लावू नये. आमच्या कोकणी टेबलाला हे सुख मिळालं नव्हतं. फळी चारी बाजूंनी स्क्रूनं आवळलेली. टेबल मुलाबरोबर बदलीनं नागपूरला गेलं. वैशाखात तिथली हवा इतकी कोरडी, की रात्री दोनला फाट्कन आवाज झाला आणि मुलगा चोर समजून काठी घेऊन धावला. फळी मधोमध उभी तडकली होती.

हे लिहीत असताना आमच्या न्हाणीघराचं दार आतून धडधडतं आहे. अधिक श्रावणानिमित्त आलेले जावईबापू आत आहेत. मी बाहेरून सर्व विधी समजावून सांगितला. मेणबत्ती फटीतून आत सरकवणार होतो, पण फट कुठे आहे?